अकरा महिन्यांची नोकरी

पत्र:

"काकू, सादर नमस्कार. माझा नवरा ३३ वर्षांचा आहे. इंदूरच्या एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षक. पगार ३८ हजार, पीएफ, उन्हाळ्याची सुट्टी. संध्याकाळी शाळेच्याच मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवतो. फुटबॉल फेडरेशनचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलं, मग सी केलं, त्यात आमची साठवणूक गेली. आता दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबने १७ वर्षांखालच्या संघासाठी सहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. ४५ हजार, राहणं-जेवण क्लबचं, करार ११ महिन्यांचा. ह्याच्या डोळ्यांपुढे मात्र मोठ्या संघाचा मॅनेजर होणं आहे. रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपवर मॅनेजरचा गेम खेळतो आणि म्हणतो, हा अभ्यास आहे. मी विजय नगरला एका सीएच्या ऑफिसात आहे, २९ हजार मिळतात. फ्लॅटचा हप्ता २१ हजार. मुलगी साडेतीन वर्षांची. सासरे म्हणतात, क्रिकेट असतं तर गोष्ट वेगळी होती, फुटबॉलमध्ये काय ठेवलंय! सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त पोळ्या जोरात लाटतात. मी नाही म्हटलं तर तो जन्मभर मनात ठेवील. हो म्हटलं आणि तो सहा महिन्यांत परत आला, तर सगळे म्हणतील हिनेच अडवायला हवं होतं. काय करू?
– रामबागेतली एक सून"

उत्तर:

सूनबाई,

पोळ्या जोरात लाटणाऱ्या तुझ्या सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांग. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या घरात मी अठ्ठावीस वर्षं पोळ्या लाटल्या. शनिवारी संघ हरला की रविवारी आमच्या पोळ्या हमखास जाड व्हायच्या.

आमचे हे एका मोठ्या कारखान्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. एका सोमवारी सकाळी बॉलची जाळी खांद्यावर टाकून गेले आणि साडेदहाला परत आले. सूचना फलकावर चार ओळी लावल्या होत्या: संघ बंद, सर्वांनी आपापल्या खात्यात रुजू व्हावं. आदल्या दिवशी कुणी साधा फोन केला नव्हता. पण हे कारखान्याचे कायम कर्मचारी होते. पुढची नऊ वर्षं स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजले, चिडचिड केली, रक्तदाब लावून घेतला. एक तारखेचा पगार मात्र कधी चुकला नाही. आपल्याकडच्या जुन्या प्रशिक्षकांपैकी कितीतरी जणांचं असंच होतं. पोलीस, रेल्वे, कारखाना, शाळा, असा एक पाय नोकरीत आणि एक मैदानात. सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव तुझ्या नवऱ्याला विचार, तो उभा राहून सांगेल. हैदराबादचे शाळामास्तर. १९५० पासून १९६३ मध्ये वारेपर्यंत हैदराबाद पोलिसांचा संघ सांभाळला, आणि भारतालाही १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली. मधे १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो, तेही त्यांच्याच हाताखाली.

तुझ्या नवऱ्याला ते मागचं खातं नाही. संघ सुटला की नट-बोल्टसुद्धा मिळणार नाहीत. म्हणून तू विचारलेल्या प्रश्नात मी जरा फेरफार करते. 'जाऊ देऊ की नको' हे बाजूला ठेव. ज्या दिवशी त्याला काढतील त्या दिवशी आपलं घर कसं चालेल, हे आधी बघू.

'काढतील' म्हटलं म्हणून अशुभ बोलले असं समजू नकोस. ह्या पेशात काढलं जाणं हे सुताराच्या बोटात लाकडाचं कुसळ घुसण्यासारखं आहे. कामात असलं की घुसणारच. इटलीच्या क्लॉडिओ रानिएरींनी २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर सिटीला इंग्लंडची लीग जिंकून दिली. लेस्टर जिंकेल असं खुद्द लेस्टरमध्ये कुणाला वाटत नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना घरी पाठवलं. रॉबर्टो दि मातेओंनी चेल्सीला २०१२ च्या मेमध्ये युरोपचं विजेतेपद दिलं आणि दिवाळी उलटली तेव्हा त्यांची खुर्ची गेली होती. टॉर्की नावाच्या एका छोट्या क्लबात २००७ साली लेरॉय रोझेनियर यांची मॅनेजर म्हणून घोषणा झाली, त्याच दिवशी क्लब विकला गेला आणि दहाएक मिनिटांत नोकरी संपली. आमच्या ह्यांना ही गोष्ट फार आवडते. म्हणतात, निदान त्याला फलकावर वाचावं तरी लागलं नाही.

इंग्लंडात मॅनेजर जातो आणि क्लब शंभर वर्षं जागेवर असतो. एक गेला तर शेजारच्या गावात दुसरा क्लब उभा असतो. आपल्याकडे क्लबच जातो. मुंबईचा महिंद्र युनायटेड राष्ट्रीय लीगचा विजेता होता, २०१० मध्ये बंद झाला. फगवाड्याचा जेसीटी तर पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता, तो २०११ मध्ये गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात तर देशातली सगळ्यात वरची लीग कधी सुरू होणार हेच कुणाला सांगता येईना. आयोजक आणि फेडरेशन यांचा करार संपत आला होता, आणि काही क्लबांनी मुख्य संघाचे पगार थांबवले. तिथे जिंकणं-हरणं हा विषयच नव्हता. तुझ्या नवऱ्याने मैदानावर सगळं बरोबर केलं तरी असा दिवस येऊ शकतो, आणि ह्याची चर्चा तुमच्या जेवणाच्या टेबलावर आत्ताच व्हायला हवी.

आता तू सीएच्या ऑफिसात आहेस म्हणून हिशेब मांडते. शाळेचे ३८ हजार वर्षाचे बारा महिने मिळतात, म्हणजे ४ लाख ५६ हजार. क्लबचे ४५ हजार अकराच महिने, म्हणजे ४ लाख ९५ हजार. फरक ३९ हजारांचा. त्यातून शाळा भरते तो पीएफचा हिस्सा वजा कर. मग तो सुट्टीत इंदूरला येणार, तुम्ही दोघी तिकडे जाणार, ती तिकिटं वजा कर. राहणं-जेवण त्याचं फुकट, पण तो घरी नसला म्हणून वरणाला फोडणी निम्मी पडत नाही. म्हणजे पगारवाढ म्हणून ह्या नोकरीकडे बघू नका. तुम्ही पैसे न वाढवता फक्त जोखीम वाढवताय, आणि त्या बदल्यात त्याला एका व्यावसायिक क्लबच्या आत पाऊल ठेवायला मिळतंय. ते पाऊल किती मोलाचं, हाच खरा सौदा आहे.

माझ्या मते मोलाचं आहे. मोठ्या संघाकडे जायला ही जवळची वाट आहे असं मात्र मी म्हणत नाही.

तुझ्या सासऱ्यांकडे वळते, कारण हे वाक्य इंदूरच्या दर मराठी घरात ऐकू येतं. होळकरांचा संघ चार वेळा रणजी जिंकला, सी. के. नायडू इथूनच खेळायचे; तेव्हा क्रिकेट सोडून बाकी सगळं म्हणजे मुलांचे खेळ. त्यांना चंद्रकांत पंडितांची गोष्ट सांग. त्यातला अर्धा भाग त्यांनी होळकर स्टेडियममध्ये बसून पाहिलाही असेल. पंडित मुंबईचे प्रशिक्षक असताना २०१५-१६ ची रणजी मुंबईने जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, जानेवारी २०१७, आपल्या इंदूरलाच. मुंबई गुजरातकडून हरली. काही महिन्यांत मुंबईने प्रशिक्षक बदलला. पंडित विदर्भाकडे गेले. १ जानेवारी २०१८ ला त्याच होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. मैदान तेच, माणूस तोच, मधे एक वर्ष आणि एक गेलेली नोकरी. मग २०२२ मध्ये ते आपल्या मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते, आणि बंगळुरूला समोर मुंबईच होती. १९९९ साली ह्याच बंगळुरूला ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून पहिल्या डावात आघाडी घेऊनही अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी तिथेच ट्रॉफी उचलली. नंतर कोलकात्याच्या आयपीएल संघाबरोबर २०२४ चं विजेतेपद, आणि २०२५ च्या हंगामानंतर तिथूनही वाटा वेगळ्या. सासऱ्यांना विचार, हे क्रिकेट आहे ना? इथे तरी कुठे कायमची खुर्ची आहे?

फुटबॉलमध्ये ह्याला जोड म्हणून खालिद जमील यांचं उदाहरण घेते, आणि जरा सावकाश सांगते. ते २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. सात वर्षं, पैसा कमी, मोठी ट्रॉफी एकही नाही. दर वर्षी संघ तळाला जाऊ न देणं हेच काम. असलं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तुझ्या सासूबाई महिनाअखेरीला घर चालवतात ते तरी कुणाला दिसतं? २०१६ ला क्लबने त्यांना निरोप दिला. ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या लीगमध्ये ढकलला गेला होता, मग फेडरेशनने परत घेतला होता. तो संघ २०१७ ला आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची लीग, जिंकला! आणि मुंबई एफसी त्याच हंगामात शेवटी राहिला. गोष्ट इथे संपली असती तर सिनेमावाल्यांना बरं वाटलं असतं. पण पुढची आठ वर्षं ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर अशी फिरती झाली, कुठे हंगामभर, कुठे काही महिने. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक आला, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरकडून २-१ ने हरलो, आशिया चषकाचा रस्ता बंद झाला, आणि तीच माणसं तोंडाला येईल ते लिहू लागली. दोन महिन्यांत एवढं सगळं. तू ज्याला 'मोठ्या संघाचा मॅनेजर' म्हणतेस त्याच्या बायकोला ते सगळं आपल्या फोनवर वाचावं लागतं, हेही धरून चाल.

आणि 'मॅनेजर' ह्या शब्दाबद्दल. तो इंग्लंडचा शब्द आहे. जुन्या काळी खेळाडू विकत घेण्यापासून बसमध्ये कोण कुठे बसेल इथपर्यंत सगळं तोच ठरवायचा. आता बहुतेक क्लबांत खेळाडू आणतो दुसराच कुणी, आणि ते चालले नाहीत की जातो हा. आपल्याकडे सरळ 'हेड कोच' म्हणतात. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात बहुधा मँचेस्टर युनायटेडचा फर्ग्युसन बसलाय. बसू दे, पण पूर्ण फर्ग्युसन बसू दे. ग्लासगोतला हा माणूस आधी कारखान्यात अवजारं बनवायचा. १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर ह्या अगदी तळाच्या क्लबात आठवड्याला ४० पौंडांवर अर्धवेळ मॅनेजर झाला. पोचला तेव्हा संघात एकही गोलकीपर नव्हता. पुढच्या क्लबाने, सेंट मिरेनने, १९७८ मध्ये त्याला काढून टाकलं. मग अ‍ॅबरडीन, मग १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेड. तिथेही पहिली ट्रॉफी यायला १९९० उजाडलं. आजच्या मालकांनी साडेतीन वर्षं थांबू दिलं असतं का, देव जाणे.

आता त्या रात्रीच्या गेमबद्दल. तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, पण मला हसू आलं, कारण आमच्या घरात तेच काम वहीवर व्हायचं. भाजीवाल्याच्या बिलामागे अकरा टिंबं आणि बाण. विल स्टिल नावाचा एक तरुण आहे, बेल्जियममध्ये वाढलेला. तोही लहानपणी हाच गेम खेळायचा. पण त्याला दार उघडलं ते दुसऱ्या कामाने. खेळणं जमणार नाही असं दिसल्यावर तो बेल्जियमच्या एका क्लबात सामन्यांचे व्हिडिओ कापून, त्यातून चुका शोधून देण्याचं काम करू लागला. मग सहाय्यक, मग २०२२ च्या ऑक्टोबरात, तिशीच्या उंबरठ्यावर, फ्रान्समधल्या रँसचा मुख्य प्रशिक्षक. त्याच्याकडे सगळ्यात वरचं लायसन्स नव्हतं, म्हणून क्लबला दर सामन्याला २५ हजार युरो दंड भरावा लागायचा. क्लबने भरला, कारण लीगचे पहिले १७ सामने हा हरलाच नाही. पुढे इंग्लंडात साउदॅम्प्टनला गेला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, सहा महिन्यांच्या आतच, काढला गेला.

म्हणून नवऱ्याला सांग, गेमचा एक तास कमी कर आणि तेवढा वेळ स्वतःच्या मुलांच्या सामन्यांचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण कापायला बस. १७ वर्षांखालच्या संघात ज्याला हे चोख येतं तो सहाय्यक लवकर हवाहवासा होतो. आणि लायसन्सची शिडी त्याला माहीत आहेच: डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. आपल्या वरच्या लीगच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतं. एका पायरीवरून दुसरीवर जायला मधे प्रत्यक्ष संघ सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. शाळेच्या मैदानावर बसून ही शिडी वर जात नाही, हा जाण्याच्या बाजूचा सगळ्यात ठोस मुद्दा. घरी कुणी विचारलं तर स्वप्नबिप्न न सांगता हाच सांगावा.

पण तिथे त्याचा दिवस कसा जाईल ह्याची कल्पना तुम्हा दोघांना असावी, म्हणून लिहिते. पहाटे पाचला सराव, कारण नंतर ऊन. नऊला नाश्ता, त्यात दर दुसऱ्या दिवशी अंड्यांवरून भांडण. कुणाचा घोटा सुजलाय, कुणाच्या आधार कार्डावरचं वय आणि दातांवरचं वय जुळत नाही, कुणाच्या बापाचा फोन की माझ्या पोराला पुढे का खेळवत नाही. रात्री दहाला मोबाइल गोळा करायचे, अकराला एकजण जिन्यात रडताना सापडतो. आणि हंगामाच्या शेवटी सगळ्यात वाईट काम: पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला खोलीत बोलावून सांगायचं की पुढच्या वर्षी तुला ठेवत नाही. पोरगं कुठल्या तरी खेड्यातून आलेलं, आईने काहीतरी गहाण ठेवलेलं. आमचे हे ट्रॉफ्यांबद्दल बोलत नाहीत, पण अशा तीन मुलांची नावं अजून झोपेत घेतात. मोठ्या संघाच्या मॅनेजरचं कामही फार वेगळं नसतं. रचना, डावपेच, बाण हे सगळं दिवसाचे दोन तास. बाकी वेळ माणसं. तुझा नवरा शाळेत दोनशे मुलं, त्यांचे पालक आणि एक मुख्याध्यापक रोज सांभाळतो. ते ह्यासाठी कमी भांडवल नाही, आणि रहीमसाहेब मास्तर होते हे मी उगीच नाही सांगितलं.

आता मी काय करीन ते.

मी त्याला एकट्याला पाठवीन. तू, मुलगी आणि तुझी नोकरी इंदूरलाच. पहिल्या हंगामात सगळं घर उचलून न्यायचं नाही. मुलगी साडेतीनची आहे, शाळा अजून बदलली तरी चालेल असं तुला वाटेल, पण प्रश्न तिच्या शाळेचा नसून तुझ्या २९ हजारांचा आहे. उद्या क्लबचा पगार अडला तर हप्ता त्यातूनच जाणार. जायच्या आधी सहा हप्ते, म्हणजे १ लाख २६ हजार, वेगळ्या एफडीत ठेवा. साठवणूक लायसन्समध्ये गेली हे लक्षात आहे. मग क्लबला 'दोन महिन्यांनी येतो' म्हणता येतं का बघा, किंवा सासऱ्यांकडून उसने घ्या. ते क्रिकेटवाले असले तरी बाप आहेत. पैसे मागितले की त्यांनाही ह्या गोष्टीत आपला वाटा आहे असं वाटेल, नुसती टीका करून सुटता येणार नाही.

शाळेकडून एक वर्षाची बिनपगारी रजा लेखी मागा. खासगी शाळा नाही म्हणण्याची शक्यता जास्त. तरी अर्ज द्या. नाही म्हणाले तर राजीनामा असा लिहा की परत जाताना तोंड लपवावं लागणार नाही. हंगामाच्या मध्यावर, मुलांची स्पर्धा टाकून जाऊ नका, एवढं मी जरूर सांगीन.

करार तू वाच, त्याला वाचू देऊ नकोस. त्याला फक्त क्लबचं चिन्ह दिसेल. पगार कोणत्या तारखेला, आजारपणाचा आणि दुखापतीचा खर्च कुणाचा, बी लायसन्सच्या कोर्ससाठी रजा मिळेल का आणि फी कोण भरेल, हे त्यात लिहिलेलं असू दे. मुदतीआधी काढलं तर किती महिन्यांचा पगार देणार, हा आकडा कोरा सोडू नका. परदेशी प्रशिक्षकांसाठी फिफाचा २०२१ पासूनचा नियम आहे: दोन महिन्यांचा पगार थकला आणि १५ दिवसांची लेखी मुदत देऊनही मिळाला नाही, तर प्रशिक्षक करार मोडू शकतो आणि दोष क्लबचा ठरतो. इंदूरहून जाणाऱ्या प्रशिक्षकाला तो आपोआप लागू होत नाही, पण त्याच अर्थाचं एक कलम आपल्या करारात घाला असं सांगायला काय हरकत आहे? फार तर नाही म्हणतील. ज्या क्लबला दोन महिन्यांच्या पगाराची हमी लिहून देताना घाम फुटतो, त्याबद्दल तुला तिथेच काहीतरी कळेल.

आणि दोघांनी मिळून एक तारीख ठरवा. दोन हंगाम, म्हणजे साधारण दोन वर्षं. तोवर बी लायसन्स झालं पाहिजे आणि आहे त्याच्यापेक्षा वरचं काहीतरी, त्याच क्लबात किंवा दुसरीकडे, हातात आलं पाहिजे. आलं नाही तर तो इंदूरला येईल, पुन्हा शाळेत लागेल, आणि व्यावसायिक क्लबात काम केलेला क्रीडाशिक्षक म्हणून जरा चांगल्या पगारावर लागेल. ही तारीख तू त्याच्यावर लादू नकोस. त्याला म्हण, तूच लिही. वहीत, पेनने.

तू लिहितेस की हो म्हटलं आणि तो परत आला तर लोक तुला बोलतील. बोलतील. रामबागेत कुणाची स्कूटर सर्व्हिसिंगला गेली तरी बोलतात. पण तू हो-नाही म्हणायला बसलीच आहेस कशाला? तो तेहेतीस वर्षांचा आहे. तू शिक्का मारणारी बाई नाहीस. तुझं काम इतकंच, की हप्त्याचा, मुलीचा आणि स्वतःचा आकडा त्याच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, ह्यात बसवून दाखव. मी हे केलं नव्हतं. मी हसत हसत 'जा' म्हणायचे आणि मग महिनाभर बोलायचे नाही. त्यामुळे संघ जिंकला नाही आणि घरातलं कुणी सुखी झालं नाही.

एक गोष्ट राहिली. तो तिकडून हरून फोन करील तेव्हा सामन्याबद्दल विचारू नकोस. 'जेवलास का' एवढंच. आमच्याकडे हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली. जिंकून फोन केला तर मात्र सगळं ऐकून घे, ऑफसाइडसकट, कंटाळा आला तरी.

आमचे हे शेजारी बसून कानाला लावलेल्या मोबाइलवर रात्रीच्या सामन्याची चर्चा ऐकतायत. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्या मुलाला एवढंच सांग, पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या गोलकीपर किती आहेत ते मोज.

– काकू